दुसरा हात

रंगाचा पहिला हात ड्युएनचा.
ऑक्टोबरात दिलेला, घाईघाईने,
तेल पुरतं पुसायच्या आधीच.

इंजिन त्यानेच बांधलं होतं नव्याने:
धान्याच्या ट्रकमधलं, अठ्ठेचाळीस सालचं फोर्ड, व्ही-एट.
आठ महिने खपून,
एकेक बोल्ट दोन्ही हातांनी धरून,
कारण एका हाताचा त्याला आता भरवसा नाही.

स्टँडवरच चालू केलं.
वीस मिनिटं झकास धडधडलं
आणि मग रंगाने पोपडे धरले,
उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा
लाल रंग सुटून आला.
रंगाचा बेरंग, असं म्हणणार होते,
पण भाऊ शेजारीच उभा होता.

आता जानेवारी. मायनॉटच्या बाहेर उणे एकवीस.
गॅरेजात केरोसीनचा हीटर,
स्प्रेचे डबे कोमट पाण्याच्या बादलीत उभे.
मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
रंगवलं म्हणाल तर एक कुंपण, तेही अर्धं.
ड्युएन उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडतो:
खरवड. अजून.
नख फिरवून बघ. कचकच लागते ना? मग अजून.

लालखाली करडा निघाला.
करड्याखाली ट्रॅक्टरचा हिरवा,
कुण्या शेतकऱ्याने उरल्यासुरल्या डब्यातून फासलेला.
त्याच्याही खाली नुसतं बीड,
तासाभरात तांबूस व्हायला टपलेलं.
"बघत काय बसलीस, मार्लिस?"

मग चिकटपट्टी.
हे मला ठाऊक नव्हतं:
जिथे एक भाग दुसऱ्यावर घट्ट बसायचा असतो
तिथे रंगाचा थेंबही चालत नाही.
कोरडं, सपाट, उघडं ठेवायचं,
मध्ये फक्त गास्केट.
आमच्या घरात तर
सगळ्यावरच रंग दिला जायचा.

बोल्टच्या भोकांत गोल्फच्या लाकडी टी ठोकल्या,
चर्चच्या सहलीतून उरलेल्या.
आठ जागी जुने स्पार्क प्लग.
"पुन्हा लालच?" मी विचारलं.
"रोडस्टर काळा आहे," तो म्हणाला,
जणू यात सगळं आलं.

फवारायच्या आधी हीटर बंद.
ज्योत आणि ही वाफ एका खोलीत नको.
म्हणजे आता जे काय करायचं ते
लोखंड गार होण्याच्या आत.
डबा कानाशी हलवला, आतली गोळी वाजली.
"लांबून. पातळ. आणि हात हलता ठेव,
थांबलीस की ओघळ आलाच."
एवढं बोलून तो गप्प झाला.
मांडीवरच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं,
जो गेली चार वर्षं एकदाही थांबलेला नाही,
आणि मोठ्याने हसला.
मीही हसले. थोडी उशिरा.

मागच्या अंगाला, फायरवॉलकडे येणाऱ्या बाजूला
त्याचा जुना ओघळ होता एक,
बोटभर लांब, बिडाला धरून बसलेला.
आख्ख्या इंजिनावर तेवढाच टिकला होता.
तेवढीच जागा कदाचित त्याने नीट पुसली असावी.
मी तो खरवडला नाही.
वरून रंग मारला आणि पुढे गेले.

"तिथे काहीतरी राहिलंय," बॅटरी मारून तो म्हणाला.
"हो."
"दुसऱ्या हातात झाकेल."

झाकला नाही.
दुसऱ्या हातानंतर उलट जास्तच उठून दिसायला लागला.
त्याने बॅटरी बराच वेळ त्यावरच धरली,
उजेड थरथरत होता,
मग विझवली. काही बोलला नाही.
मार्चमध्ये इंजिन गाडीत उतरेल,
ती बाजू पुन्हा कुणी बघणार नाही.

मी हीटर लावायला उठले.
"थांब. आधी वास जाऊ दे."
शटर हातभर वर केलं.
बर्फावरचा निळा उजेड आत आला,
लोवेलचं कुत्रं कुठेतरी भुंकलं.
मी दुसरी बादली उलटी केली.
तळवे नकळत पुढे धरून
आम्ही दोघं बसून राहिलो
त्या लालभडक, थंडगार इंजिनापाशी.